खिशात मावणारं पिस्तूल कितपत भरवशाचं? परवानाधारकांचे अनुभव आणि आतलं तंत्र

फोन कोणता घ्यावा, पॉवर बँक किती क्षमतेची घ्यावी, असे प्रश्न मला रोज येतात. पण गेल्या काही महिन्यांत आमच्या सोनाळ्याकडच्या पोरांकडून एक वेगळाच प्रश्न यायला लागला. "भाऊ, येखांदं लहान पिस्तूल सांग ना, खिशात मावीन असं. कोणतं चांगलं चालते?" सोबत एखादं रील असतं. कमरेला पिस्तूल, मागे गाणं, वर परदेशी कंपनीचं नाव.

प्रश्न तंत्राचा आहे, म्हणून उत्तरही तंत्राचंच देतो. त्यासाठी आमच्या पट्ट्यातल्या चार परवानाधारकांशी बोललो. एक संत्रा बागायतदार, एक व्यापारी, एक बँकेत सुरक्षारक्षक असलेले माजी सैनिक आणि एक दवाखाना चालवणारे डॉक्टर. नावं आणि त्यांच्या शस्त्रांचे ब्रँड मी देणार नाही, कारण कोणाच्या घरी काय आहे हे गावभर व्हायची गरज नाही.

आधी हे बघा: रीलमधलं पिस्तूल तुम्हाला मिळतच नाही

परदेशी व्हिडिओत जी छोटी पिस्तुलं दिसतात, ग्लॉक २६ किंवा सिग पी३६५ वगैरे, ती बहुतेक ९ एमएमची असतात. आपल्याकडे ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर. सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. नागरिकासाठी राहतो मुख्यतः .३२ बोअर, आणि काही .२२ ची शस्त्रं.

.३२ मध्ये सरकारी कारखान्यांची शस्त्रं सगळ्यात जास्त दिसतात. 'अशनी' हे पिस्तूल. 'निर्भीक' हे २०१४ साली कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने आणलेलं रिव्हॉल्व्हर, वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल', ७०० ग्रॅमचं, ७६ मिलिमीटर नळीचं. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला बंद होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. बंदुका बनवणारी कंपनी कानपूरला गेली. दारूगोळ्याची, म्हणजे म्युनिशन्स इंडिया, पुण्यात आली. खडकीचा दारूगोळा कारखाना आणि आपल्या जवळचं वरणगाव, दोन्ही तिच्याखाली येतात.

एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. .३२ पिस्तूल आणि .३२ रिव्हॉल्व्हर यांची काडतुसं वेगळी असतात. पिस्तुलाचं काडतूस जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास आणलं, त्याची पुंगळी साधारण १७ मिलिमीटर लांब. रिव्हॉल्व्हरचं लांब, साधारण २३ मिलिमीटर. आकडा एकच म्हणून एकाचं दुसऱ्यात चालेल असं समजू नका. टाइप-सी आणि मायक्रो-यूएसबी दोन्ही चार्जरच म्हणतो ना आपण, तसं आहे हे. फक्त इथे पिन वाकण्यावर भागत नाही.

आत नेमकं काय होतं?

पिस्तुलाचा चाप दाबला की पिन काडतुसाच्या टोपीवर आपटते आणि गोळी सुटते. त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते. जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते, स्प्रिंगमुळे परत पुढे येते, येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलून चेंबरमध्ये बसवते आणि बंद होते. हे सगळं पापणी लवायच्या आत. या साखळीतली एक कडी चुकली की पिस्तूल अडकतं.

आता पिस्तूल लहान केलं तर काय होतं? स्लाइड हलकी होते, म्हणून ती जास्त वेगाने मागे पळते. तिला आवरायला स्प्रिंग कडक लागते. नळी आखूड, त्यामुळे स्लाइडला मागेपुढे जायला जागाही कमी. म्हणजे मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर आणून ठेवायला वेळच कमी मिळतो. मोठ्या पिस्तुलात जी थोडी घाण, थोडं कमजोर काडतूस, थोडी सैल पकड खपून जाते, ती लहान पिस्तुलात खपत नाही. छोट्या फोनमध्ये दमदार प्रोसेसर घातला की तो लवकर तापतो, तसंच.

पकडीचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा. स्लाइड मागे जाते ती तुमच्या हाताचा आधार घेऊन. मनगट ढिलं असेल तर अख्खं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडला पुरेसा प्रवास मिळत नाही आणि पुंगळी तोंडात अडकते. त्यातून लहान पिस्तुलाची मूठ एवढीशी, करंगळीला जागाच नसते. डॉक्टरसाहेबांचा अनुभव हाच. त्यांच्या हातात पिस्तूल दर दहा-बारा गोळ्यांमागे अडकायचं. माजी सैनिक असलेल्या मित्राने तेच पिस्तूल, तीच काडतुसं घेऊन दोन मॅगझिन रिकामी केली, एकदाही अडकलं नाही. डॉक्टर मला म्हणाले, "मी ते विकायलाच निघालो होतो."

.३२ पिस्तुलाची आणखी एक खोड आहे, ती काडतुसाच्या बनावटीतली. त्याच्या बुडाची कड पुंगळीपेक्षा किंचित बाहेर येते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की दोन्ही एकमेकांत अडकतात. मग स्लाइड कितीही ओढा, काडतूस पुढे सरकत नाही. हे झटकन सुटत नाही, मॅगझिन काढून मोकळं करावं लागतं. बागायतदार काका म्हणूनच प्रत्येक काडतूस आत टाकल्यावर मॅगझिनची मागची बाजू तळहातावर हलकी ठोकतात, म्हणजे काडतुसं मागे टेकून सरळ बसतात. त्यांना हे कोणी शिकवलं नाही, दोनदा अडकल्यावर त्यांनी स्वतःच शोधून काढलं.

भरवसा मोजतात कसा?

फोनची बॅटरी किती सायकल टिकते हे मोजतात, तसं पिस्तुलाचंही मोजतात: सरासरी किती गोळ्यांमागे एकदा अडकतं. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने ब्राउनिंगच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या. तापलं की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू. एकदाही अडकलं नाही. तेच पुढे 'एम१९११' झालं.

आता अलीकडचं बघा. सिग कंपनीचं पिस्तूल अमेरिकी सैन्याने निवडलं, त्याचं मोठं रूप एम१७ आणि आटोपशीर एम१८. अपेक्षा होती सरासरी २,००० गोळ्यांमागे एकदा अडकण्याची. २०१७ च्या चाचणी अहवालात साध्या गोळ्यांवर मोठ्याचा आकडा आला ३४३ आणि लहानाचा १९७. दुसऱ्या, खास प्रकारच्या गोळ्या घातल्यावर मोठ्याचा आकडा ७०८ वर गेला आणि लहानाचा थेट ९५० वर. म्हणजे साध्या गोळ्यांवर जे लहान पिस्तूल मोठ्यापेक्षा पार मागे पडलं, तेच काडतूस बदलताच सरस ठरलं. आणि नोंदलेल्या बिघाडांपैकी बराच मोठा भाग हा शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे न थांबण्याचा होता. कारण काय, तर अनुभवी नेमबाजांचा अंगठा पकडीत त्या खटक्यावर पडत होता. पिस्तूल, काडतूस आणि हात, तिघांचा मिळून एक आकडा येतो. नुसत्या पिस्तुलाचा भरवसा सांगणारा व्हिडिओ दिसला तर तो अर्धवट आहे असं समजा.

नवीन मॉडेलबद्दलही एक सांगतो. सिग पी३६५ हे २०१८ साली आलं आणि लहान अंगात दहा गोळ्या मावतात म्हणून गाजलं. पण सुरुवातीच्या काळात त्याची आतली पिन मोडल्याच्या तक्रारी मालकांनी केल्या, कंपनीने मग भाग बदलले. त्याआधी २०१७ मध्ये याच कंपनीच्या पी३२० बद्दल, ते विशिष्ट कोनात खाली पडलं तर आपोआप गोळी सुटते असं चाचण्यांमध्ये दिसलं आणि कंपनीला फुकट दुरुस्ती द्यावी लागली. फोनला पहिल्याच महिन्यात अपडेट येतं तसं. फक्त फोन हँग झाला तर रिस्टार्ट करता येतो.

आपल्याकडची खरी अडचण: गोळ्याच झाडल्या जात नाहीत

परदेशात अनेक मालक एक साधा नियम पाळतात. जे काडतूस रोज बाळगायचं, त्याच्या साधारण २०० गोळ्या न अडकता झाडल्या गेल्या, तरच ते पिस्तूल कमरेला लावायचं. हा आकडा हवेतला नाही. २०० गोळ्या न चुकता गेल्या, तर संख्याशास्त्र ९५ टक्के खात्रीने सांगतं की चुकण्याचं प्रमाण दीड टक्क्याच्या आत आहे. पण तुम्ही फक्त १० झाडल्या आणि दहाही गेल्या, तर त्याच खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण २६ टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे चारातली एक गोळी दगा देणारं पिस्तूलसुद्धा ही दहाची परीक्षा पास होऊ शकतं.

आता आपल्या माणसांचा हिशेब. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात, महाग असतात, आणि सराव करायचा तर अधिकृत रेंज हवी. सोनाळ्याहून असं ठिकाण गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. व्यापारीभाऊंनी अकरा वर्षांत एकूण किती गोळ्या झाडल्या असतील? चौदा. त्यांना विचारलं, पिस्तूल कसं आहे? "एक नंबर. कधीच अडकलं नाही." ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्याकडे माहितीच तेवढी आहे. आपल्याकडच्या मालकांचं 'एकदम भरवशाचं' हे बहुतेक वेळा असं चौदा गोळ्यांचं असतं, आणि तितक्याच सहज कोणी दोन मॅगझिनवरून 'डब्बा आहे' असंही म्हणून टाकतं. मी दोन्ही मतं बाजूला ठेवतो.

त्याच चौदा गोळ्यांतलं शेवटचं काडतूस नऊ वर्षं जुनं होतं. काडतूस कोरडं, थंड राहिलं तर खूप टिकतं. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, नंतर लगेच दमट पावसाळा. कातडी पट्ट्यात किंवा कव्हरमध्ये महिनोन्महिने राहिलेल्या काडतुसाच्या पितळेवर हिरवट थर चढतो. तो थर चेंबरमध्ये घासतो आणि काडतूस पूर्ण बसत नाही. रोज अंगावर बाळगणाऱ्याचा दुसरा शत्रू म्हणजे घाम आणि सुताचा कचरा. बँकेतले माजी सैनिक दर रविवारी पिस्तूल उघडून पुसतात. तेलही अगदी थोडं लावतात, कारण जास्त तेल लावलं की धूळ चिकटून चिखल होतो, आणि टोपीत झिरपलं तर काडतूसच मरतं.

निवडणूक आली की आणखी एक भर. आचारसंहितेत पोलिसांची नोटीस आल्यावर शस्त्र जमा करावं लागतं, आणि ते दीड-दोन महिन्यांनी हातात येतं. बागायतदार काका जमा करण्याआधी स्वच्छ करून हलकं तेल लावतात, आणि परत आल्यावर आधी उघडून बघतात. कपाटात राहिलं काय आणि ठाण्यात राहिलं काय, पावसाळ्यात लोखंड गंजतंच.

मग रिव्हॉल्व्हर बरं का?

आमच्याकडचे जुने लोक डोळे झाकून रिव्हॉल्व्हर म्हणतात, आणि माझंही मत थोडं त्यांच्याकडेच झुकतं. त्यात स्लाइड नाही, मॅगझिन नाही. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप दाबला की चक्र फिरून पुढचं समोर येतं. पकड ढिली असली तरी फरक पडत नाही. जो माणूस वर्षाला पाच गोळ्या झाडतो, त्याच्यासाठी हे सोपं यंत्र. तोटे पण आहेत. चाप जड असतो, त्यामुळे नेम हलतो. गोळ्या कमी. आणि रिव्हॉल्व्हर क्वचित बिघडतं, पण बिघडलं तर जागेवर हाताने सुटत नाही, कारागिराकडेच न्यावं लागतं.

एक समज मात्र मोडून टाका. अंबाबरवाच्या जंगलाकडेला शेत आहे, अस्वल-रानडुक्कर येतं, म्हणून लहान पिस्तूल हवं, असं काही जण म्हणतात. .३२ पिस्तुलाच्या गोळीची ताकद सुमारे १७० ज्यूल. ९ एमएमची त्याच्या अडीच पटीहून जास्त असते, आणि तीही रानडुकरापुढे कमीच. जखमी डुक्कर तुमच्याच अंगावर येईल. वर वन्यजीव कायद्याची भानगड ती वेगळीच.

अडकलं तर जीव कसा जातो

हा भाग घरात परवान्याचं शस्त्र असलेल्या प्रत्येक पोराने वाचावा.

चाप दाबला आणि 'टक्' झालं, गोळी गेली नाही. लगेच तोंड फिरवून आत बघायचं नाही. काही वेळा दारू उशिरा पेटते. पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबायचं. दुसरं, आवाज नेहमीपेक्षा दबका आला, 'फुस्स' झाल्यासारखा, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढची झाडली तर नळी हातात फुटते.

तिसरं सगळ्यात घातकी. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नसतं. एक काडतूस चेंबरमध्ये बसलेलं असतं आणि अनेक पिस्तुलं मॅगझिन नसतानाही ते झाडतात. आमच्या तालुक्यातल्या एका घरात पुतण्याने सेल्फीसाठी पिस्तूल घेतलं, मॅगझिन काढून बाजूला ठेवलं आणि डोक्याला लावून पोज दिली. काकांनी ओरडून हात खाली पाडला. मग स्लाइड ओढली तर काडतूस बाहेर येऊन फरशीवर पडलं. त्या घरातली तिजोरीची किल्ली आता काकूंकडे असते. क्रम पक्का ठेवा: आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि बोट घालून चाचपायचं.

आणि गावठीचं काय?

हे टाळून चालणार नाही, कारण आपण सीमेवर राहतो. डोंगरापलीकडे मध्य प्रदेश. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी आणि बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी ही नावं पोलिसांच्या बातम्यांत नेहमी येतात. तिथून आलेली पिस्तुलं घेऊन जाणारे लोक सोनाळा पोलिसांच्या हद्दीतही पकडले गेलेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर पुणे पोलीस थेट उमर्टीत पोहोचले आणि भट्ट्या मोडल्या. तिथल्या शिकलकर समाजाच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्यांची शस्त्रं घडवण्याची कला आहे, आणि दुसरं काम मिळत नाही हेही खरं आहे. ती कला आहे म्हणूनच वरून पिस्तूल हुबेहूब दिसतं, वर परदेशी शिक्कासुद्धा असतो.

पण दिसणं आणि टिकणं वेगळं. कारखान्यात नळीचं पोलाद कोणतं हे ठरलेलं असतं, त्याला ठरावीक तापमानाची प्रक्रिया होते, चेंबर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, आणि मग नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून प्रत्येक शस्त्राची परीक्षा घेतात. तो परीक्षेचा शिक्का गावठीवर नसतो, असला तर खोटा असतो. चेंबर सैल असेल तर पुंगळी फाटून गरम वायू मागे, तोंडाकडे येतो. मऊ धातूचा खटका झिजला की पिस्तूल नुसतं आपटल्यावरही उडतं. कमरेला खोचलेलं पिस्तूल स्वतःच उडून मांडीत गोळी घुसली, या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

कायदाही ऐका. विनापरवाना शस्त्र जवळ सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं शिक्षा. बनवणं किंवा विकणं असेल तर किमान ७ वर्षं, थेट जन्मठेपेपर्यंत. लग्नात हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला तर परवानाधारकालाही २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ते फेसबुक-इन्स्टावर 'घरपोच पिस्तूल, आधी निम्मे पैसे' वाले? तिथे बहुतेक वेळा पिस्तूलच नसतं, फक्त क्यूआर कोड असतो. पैसे गेल्यावर तक्रार कुठे करणार, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

परवाना खरंच हवा असेल तर

वय २१ पूर्ण हवं. अर्ज एनडाल-अलिस या सरकारी पोर्टलवर भरायचा. आपल्यासाठी अधिकारी म्हणजे बुलढाण्याचे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्त. पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि धोका काय आहे ते पटवून द्यावं लागतं. 'रीलसाठी' हे कारण चालत नाही. परवाना पाच वर्षांचा आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. ज्याला नुसती नेमबाजीची हौस आहे त्याने ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर पिस्तूल बघावी. तिला परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त असतात, आणि व्यापारीभाऊंनी अकरा वर्षांत झाडल्या त्याच्या दसपट गोळ्या तुम्ही एका रविवारी झाडाल. अर्थात मागे भक्कम भिंत किंवा मातीचा ढीग असेल तरच, आणि डोळ्याला चष्मा लावून.

ज्यांच्या घरी आजोबांच्या नावाचं शस्त्र आहे आणि आजोबा वारलेत, त्यांनी मात्र उद्याच ठाण्यात जाऊन ते जमा करावं आणि वारस म्हणून वेगळा अर्ज करावा. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. ट्रंकेत पडून राहिलेलं तेच शस्त्र कागदोपत्री विनापरवाना होतं.